पाय ओढला कोणी?

परवा संध्याकाळी माझी नात शाळेची वही घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. पाचवीत आहे. इंग्रजीच्या बाईंनी वीस वाक्प्रचार दिले होते आणि त्यांचे अर्थ मराठीत लिहून आणायला सांगितले होते. एकोणीस बरोबर आले होते. सहाव्या क्रमांकावर मात्र लाल फुली होती. वाक्प्रचार होता ‘टू पुल समवन्स लेग’ आणि तिने त्यापुढे लिहिले होते, ‘दुसऱ्याला पुढे जाऊ न देणे’.

“आजोबा, यात काय चुकलं? पुल म्हणजे ओढणं, लेग म्हणजे पाय. मग पाय ओढणं म्हणजे तेच ना?”

मी तिला खरा अर्थ सांगितला. थट्टा करणे, गमतीने कोणाला बनवणे. तिने आपले उत्तर खोडले, नवे लिहिले आणि खेळायला पळाली. मी मात्र ती वही मांडीवर घेऊन बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण हीच चूक, अगदी याच शब्दांची, मी सत्तावीस वर्षांचा असताना केली होती. नातीचा एक मार्क गेला. माझ्या चुकीची किंमत दुसऱ्याच माणसाला मोजावी लागली आणि ती एका मार्कापेक्षा बरीच मोठी होती.

१९८६ सालची गोष्ट. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. शाखेत एक दप्तरी होते. वय बत्तीसच्या आसपास, मॅट्रिक झालेले, अक्षर मोत्यासारखे. शिपाई आणि दप्तरी यांना कारकून होण्यासाठी बँकेची खात्यांतर्गत परीक्षा असे. त्यांनी अर्ज भरला, शाखेत दिला आणि अभ्यासाला लागले. मुदत उलटून गेल्यावर कळले की अर्ज वर गेलाच नव्हता. कोणीतरी तो स्टेशनरीच्या कपाटात जुन्या लेजरांखाली सरकवून ठेवला होता. आजवर चहा आणून देणारा माणूस उद्या शेजारच्या खुर्चीवर बसणार, हे काही जणांना पचले नव्हते.

ते माझ्याकडे आले. म्हणाले, “साहेब, माणसं माझे पाय ओढतात. तुमचं इंग्रजी चांगलं आहे. वरच्या ऑफिसला एक पत्र लिहून द्या. पण कुणाचं नाव नको, रोज यांच्यातच काम करायचं आहे.”

मी लिहिले. त्या काळी माझे इंग्रजी चांगले आहे असा माझाही समज होता. कपाट, लेजर, अर्ज दिल्याची तारीख हे सारे मी गाळले. ते मला फार गावठी वाटले. त्याऐवजी एक भारदस्त वाक्य घातले : ‘माय कलीग्ज हॅव बीन कॉन्स्टंटली पुलिंग माय लेग’. आणि उशिरा आलेला अर्ज कृपया स्वीकारावा, अशी विनंती केली.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. सहकाऱ्यांमधली किरकोळ थट्टामस्करी शाखेच्या पातळीवरच मिटवावी, त्यासाठी कार्यालयाचा वेळ घेऊ नये. मला आधी उत्तर लिहिणाऱ्याचाच राग आला. मग घरी जाऊन डिक्शनरी काढली. मी त्यांच्या वतीने साहेबांना कळवले होते की माझे सहकारी सारखी माझी गंमत करतात, तेव्हा माझा अर्ज घ्यावा!

दुसऱ्याच दिवशी मी साध्या वाक्यांत दुसरे पत्र लिहिले. अर्ज अमुक तारखेला दिला, तमुक तारखेला कपाटात सापडला. पण तोवर परीक्षा होऊन गेली होती. पुढची परीक्षा तीन वर्षांनी निघाली. तीत ते पहिल्याच फटक्यात पास झाले. मधली तीन वर्षे, तो पगारातला फरक, ती ज्येष्ठता मात्र गेली ती गेलीच. घरी दोन मुले शाळेत होती. पहिल्या पत्रात काय घोटाळा झाला होता, हे मी त्यांना सांगितले नाही. सांगायचे धैर्य झाले नाही.

तेव्हापासून वाक्प्रचार म्हटला की मी जरा जपूनच पाऊल टाकतो.

आपल्यापैकी पुष्कळांनी इंग्रजी शिकले ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून किंवा रेन आणि मार्टिनच्या जाडजूड व्याकरणातून. शेवटी वाक्प्रचारांची यादी असे : डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अर्थ. ती पाठ करायची आणि निबंधात जमेल तिथे पेरायची. मराठीच्या पेपरातही ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ असे. फरक एवढाच की मराठी वाक्प्रचार आपण यादीच्या आधी आजीच्या तोंडून ऐकलेला असे. तो केव्हा वापरतात, कोणापुढे वापरत नाहीत, हे कानाला ठाऊक असे. इंग्रजीच्या बाबतीत आपल्याजवळ नुसती यादी होती. यादीत अर्थ असतो, पण वाक्प्रचाराचे घर कुठे आहे ते नसते.

आणि घर कळल्याशिवाय माणूस काय, शब्द काय, नीट कळत नाही.

शरीराच्या अवयवांचेच पाहा. ‘टर्निंग वन्स बॅक’ म्हणजे पाठ फिरवणे. ‘टर्निंग अप वन्स नोज’ म्हणजे नाक मुरडणे. ‘लेंडिंग अ हँड’ म्हणजे हात देणे. इथे दोन्ही भाषा जुळ्या बहिणींसारख्या बोलतात. कारण उघड आहे. नकोशा गोष्टीकडे पाठ करणे, न आवडले की नाक वाकडे करणे, पडलेल्याला हात पुढे करणे, हे लंडनचा माणूसही करतो आणि लातूरचाही. पण वाक्प्रचार एखाद्या खेळातून किंवा धंद्यातून निघाला की वाटा फुटतात. ‘शोइंग वन्स हँड’ हा पत्त्यांच्या डावातला हात. आपले पत्ते समोरच्याला दाखवणे म्हणजे मनातला बेत उघड करणे. मराठीत मात्र ‘थांब, तुला हात दाखवतो’ म्हटले की ऐकणारा चार पावले मागे सरतो. आणि ‘हात दाखवून अवलक्षण’ यातला हात ज्योतिषापुढे पसरलेला. हात तोच, पण एक पत्त्यांच्या टेबलावर, दुसरा भांडणात आणि तिसरा ज्योतिषाच्या ओट्यावर.

काही जोड्या तर दिसायला सारख्या आणि आतून थोड्या वेगळ्या असतात. त्या जास्त फसवतात. ‘गेटिंग कोल्ड फीट’ आणि ‘हातपाय गार पडणे’ घ्या. आपले हातपाय गार पडतात ते वाईट बातमी येऊन थडकल्यावर, जबर धक्का बसल्यावर. इंग्रजाचे पाय गार पडतात ते एखादी गोष्ट करायची ठरवल्यावर, ऐन वेळी, बोहल्यावर चढायच्या आदल्या दिवशी. एकात घडून गेल्याची भीती, दुसऱ्यात घडायच्या आधीची माघार.

बँकेत मी पस्तीस-छत्तीस वर्षे काढली, तेव्हा पैशाचे वाक्प्रचार माझ्या ओळखीचे. इंग्रजीत वेळप्रसंगासाठी बाजूला ठेवलेल्या पुंजीला ‘नेस्ट एग’ म्हणतात, घरट्यातले अंडे. कोंबडीने त्याच जागी अंडी घालावीत म्हणून खुराड्यात एखादे अंडे, पुष्कळदा चिनी मातीचे खोटे अंडे, ठेवून देत. ते पाहून कोंबडी तिथेच बसे. थोडी शिल्लक असली की तिच्यावर आणखी शिल्लक पडते, ही बचतीची सारी कहाणी त्यात आली. आपल्याकडे मात्र ‘चार पैसे गाठीला असावेत’. लुगड्याच्या पदराची गाठ, धोतराची कनवट. इंग्रजांचा पैसा खुराड्यात वाढतो, आपला अंगाला चिकटून असतो. आवर्त ठेव योजना समजावून सांगताना मी बायकांना अंड्याची गोष्ट सांगून पाहिली, त्या नुसत्या हसल्या. ‘दर महिन्याला एक गाठ मारा’ म्हटले की लगेच कळे.

चेकचेही तेच. इंग्रजी चेक चेंडूसारखा उडी मारून परत येतो, ‘बाऊन्स’ होतो. मराठी चेक ‘वटत नाही’. हा वटणे शब्द आपल्या हुंडीच्या व्यवहारातला, सावकारी पेढीवरचा. बँका आल्या, चेकबुके आली, पण शब्द जुन्या पेढीवरूनच आला. आता सगळेच ‘बाऊन्स झाला’ म्हणतात. मला त्याचे वाईट वाटत नाही. पैसे न मिळाल्याचे दुःख दोन्हींत सारखेच.

जबाबदारी टाळण्याचेही दोन खेळ आहेत. ‘पासिंग द बक’ हा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या पोकरच्या डावातला. पत्ते वाटायची पाळी कोणाची, हे दाखवणारी एक वस्तू खेळणाऱ्यापुढे ठेवत. तिला बक म्हणत. ज्याला पत्ते वाटायचे नसतील तो ती पुढच्याकडे सरकवी. १९४५ ते १९५३ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष असलेले हॅरी ट्रुमन यांनी आपल्या टेबलावर पाटी ठेवली होती की बक इथे येऊन थांबतो. आपण याला ‘टोलवाटोलवी’ म्हणतो. टोलवायची ती विटी किंवा चेंडू. पोकरमध्ये निदान बक शेजारच्याकडेच जातो. आपली विटी कुठल्या कचेरीत जाऊन पडेल याचा नेम नाही!

‘हॉब्सन्स चॉइस’ म्हणजे नावालाच निवड, समोर असेल ते घ्या नाहीतर चालू लागा. हा हॉब्सन खराखुरा माणूस. थॉमस हॉब्सन, केंब्रिजचा, १६३१ साली वारला. लंडनपर्यंत मालाची आणि टपालाची वाहतूक करायचा आणि विद्यार्थ्यांना घोडे भाड्याने द्यायचा. तबेल्यात चाळीसेक घोडे, पण गिऱ्हाईकाने दाराजवळचाच घोडा घ्यायचा असा नियम. वाक्प्रचारामुळे हा इसम मोठा आडमुठा वाटतो. पण त्याच्या बाजूने पाहा. निवडीची मुभा दिली असती तर जो तो चांगला घोडा मागता आणि ते चार उमदे घोडे पळून पळून मेले असते. नियमामुळे प्रत्येक घोड्याला पाळीपाळीने काम आणि पाळीपाळीने विसावा मिळे. गिऱ्हाईकांनी त्याचे नाव भाषेत घालून सूड घेतला. घोड्यांना बोलता आले असते तर त्याच नावाचा अर्थ ‘न्याय’ झाला असता.

आता एक गंमत आभाळातली. ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे क्वचित, फार दिवसांनी कधीतरी. हा निळा चंद्र म्हणजे एका इंग्रजी महिन्यात आलेली दुसरी पौर्णिमा, असे आज आपण वाचतो. ही व्याख्या तशी अलीकडची. ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या अमेरिकी मासिकात मार्च १९४६ मध्ये आलेल्या एका लेखात जुन्या शेतकी पंचांगाचा नियम चुकीचा वाचला गेला आणि तीच चूक पुढे रूढ झाली. मूळ नियम असा होता की एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या तर त्यांतली तिसरी ती निळी.

हे वाचून मला आपला अधिक महिना आठवला. हिशेब एकच आहे. चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी अकरा दिवस मागे पडतात आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना साठतो. त्या साठलेल्या महिन्याला अमेरिकेतल्या पंचांगाने निळा चंद्र म्हटले आणि ‘क्वचित’ हा अर्थ सांगणाऱ्या जुन्या शब्दांशी तो जोडला गेला. आपण काय म्हटले? ‘दुष्काळात तेरावा महिना’! आभाळातली एकच घटना. तिकडच्याने वर पाहिले आणि त्याला नवल वाटले. इकडच्या कुणब्याने घरातल्या कणगीत पाहिले : बारा महिनेच कसेबसे निघायचे, त्यात हा तेरावा. सुबत्तेच्या दिवसांत याच महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे जातात, तो भाग वेगळा. पण भाषेने लक्षात ठेवला तो दुष्काळ.

कुठल्या समाजाने काय भोगले, हे इतिहासाच्या पुस्तकाइतकेच त्याच्या वाक्प्रचारांतही नोंदलेले असते. गेल्या काही वर्षांतला आपला एक वाक्प्रचार घ्या : ‘सातबारा कोरा करणे’. गाव नमुना सात आणि बारा मिळून होणारा तो उतारा, त्यावरचा कर्जाचा बोजा, तो उतरल्यावर शेतकऱ्याने सोडलेला निःश्वास. इंग्रजीत त्याला ‘क्लीन स्लेट’ म्हणता येईल. पण ती पाटी गुत्त्यातल्या उधारीची. ओल्या फडक्याने पुसली जाते. सातबाऱ्यावरचा बोजा असा पुसता येत नाही, हे पीककर्जाच्या टेबलावर बसलेल्या माणसाने सांगायला नको.

म्हणजे परक्या भाषेतला वाक्प्रचार घेऊच नये का? तसे नाही. किती तरी आले आणि इथलेच झाले. ‘शेवटी त्यांचेही पाय मातीचेच’ असे आपण सहज म्हणतो. ते मातीचे पाय बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकातले. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर स्वप्नात एक प्रचंड पुतळा पाहतो. डोके सोन्याचे, छाती आणि हात रुप्याचे, पोट व मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे आणि पावले मात्र लोखंड व माती यांची. एक दगड येऊन पावलांवर आदळतो आणि वरचे सोनेसुद्धा भुगा होऊन उडते. सयामचा राजा नको असलेल्या दरबाऱ्याला पांढरा हत्ती भेट देई आणि तो पोसता पोसता दरबारी खंगून जाई, अशी गोष्ट सांगतात. तो पांढरा हत्ती आपल्या अर्थसंकल्पांवरच्या अग्रलेखांत सुखाने नांदतो आहे. ‘रेड टेप’ची लाल फीत झाली. इंग्लंडात कोर्टाच्या आणि सरकारी कागदांना अशी फीत बांधत, वकिलांच्या कागदांना अजूनही गुलाबी फीत असते. आपल्याकडे पेशवे दफ्तरातले कागद कापडी रुमालांत बांधलेले असत. फीत आली ती रुमालाच्या शेजारी येऊन बसली, परकी वाटलीच नाही. हे सारे वाक्प्रचार आपण मराठीत घेतले तेव्हा त्यांची गोष्टही सोबत आली, म्हणून टिकले.

आपल्याकडून तिकडे गेलेल्या एकाचे मात्र मला वाईट वाटते. इंग्रजीत ‘जगरनॉट’ म्हणजे वाटेत येईल ते चिरडत जाणारी आंधळी शक्ती. हा शब्द म्हणजे आपला पुरीचा जगन्नाथ. चौदाव्या शतकात इथे येऊन गेलेल्या ओडोरिक नावाच्या इटालियन धर्मप्रवाशाने लिहून ठेवले की भक्त देवाच्या रथाखाली स्वतःला झोकून देतात. युरोपात तेच चित्र पसरले आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत शब्दाचा अर्थ पक्का झाला. आपण मराठीत ‘हा जगन्नाथाचा रथ आहे’ असे केव्हा म्हणतो? काम मोठे आहे, एकट्याने व्हायचे नाही, सगळ्यांनी हात लावा, असे सांगायचे असते तेव्हा. रथ एकच. ज्याने लांबून पाहिला त्याला चाके दिसली. ज्याने दोर धरला त्याला शेजारचे हात दिसले.

वाक्प्रचाराला मानपानही असतो. ‘किकिंग द बकेट’ म्हणजे मरणे, हे यादीत असते. पण ते ‘गचकणे’च्या पंक्तीतले आहे, ‘देवाज्ञा झाली’च्या नव्हे, हे यादी सांगत नाही. आमच्याकडे एका नव्या कारकुनाने रजेच्या अर्जात आपल्या वडिलांबद्दल हेच शब्द लिहिले होते. अर्ज दिवसभर टेबलावरून टेबलावर फिरला आणि सगळे हसले. तो पोरगा वडिलांच्या अस्थी विसर्जन करून त्याच सकाळी आला होता. मी हसलो नाही. यात माझा मोठेपणा नाही. माझ्या खात्यावर आधीची एक बाकी होती.

म्हणून मुलांना मी एवढेच सांगतो की वाक्प्रचार जरूर शिका, गोष्टीसकट शिका, गोष्ट नसेल तर निदान चार ठिकाणी वाचून मगच शिका. पण स्वतःचे काम अडले असेल, न्याय मागायचा असेल, दुखणे सांगायचे असेल, तर साधे वाक्य लिहा. कोणी, काय, केव्हा. इंग्रजी येत नाही म्हणून लाजणाऱ्या मुलाला वाटते की साधे लिहिले तर आपण अडाणी दिसू. मलाही तसेच वाटले होते.

२०१४ साली त्या दप्तरींचा निवृत्तीचा समारंभ झाला. तेव्हा ते हेडकॅशियर होते. मी मुद्दाम बस पकडून गेलो. हारतुरे झाले, पेढे झाले. मग त्यांना बाजूला घेतले आणि अठ्ठावीस वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट सांगून टाकली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मला वाटले, आता उठून जातील.

“म्हणजे साहेब,” ते म्हणाले, “त्या इंग्रजीचा अर्थ गंमत करणं असा होतो?”

“हो.”

“आणि मराठीतला आपला तो.”

“हो.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, “मग तुम्ही माझा पाय मराठीत ओढला. इंग्रजीत ओढला असता तर बरं झालं असतं.”

आणि हसले. मलाही हसू आले, पण लगेच नाही.